फॉस्फीनचा वास

वसुधा गेल्याचा फोन तिच्या घरमालकीणबाईंनी केला. "दीदी ने बहुत अच्छी मौत पाई, सोते-सोते चली गईं," म्हणाल्या. दाखल्यावर डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. तेराव्यालाही सगळे तेच पुटपुटत होते, काय भाग्याचं मरण. पाच आठवडे मी गप्प बसले, आता बसवत नाही. वसुधा हृदयविकाराने गेली नाही. तिला गव्हात टाकायच्या गोळ्यांनी मारलं, आणि त्यात माझाही हात आहे.

आम्ही दोघी इंदूरच्या. एकाच वर्गात रसायनशास्त्र शिकलो आणि नोकरीसाठी भोपाळला आलो. ती आनंद नगरच्या एका शाळेत लागली, मी महाराणा प्रताप नगरातल्या कोचिंगमध्ये. मी मुलांकडून सूत्रं घोकून घ्यायचे, ती वास घ्यायला शिकवायची. अमोनियाच्या बाटलीवरची हवा हाताने नाकाकडे ओढायची, बाटलीलाच नाक लावलं की पाठीत धपाटा. नायट्रोजनचं कुटुंब ती शेजारच्या घरातलं असावं तसं सांगे. थोरला नायट्रोजन चोवीस तास आपल्या उशाशी, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाठचा फॉस्फरस असा तापट, की पांढरा असला तर पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. हायड्रोजनशी जुळलं की थोरल्याचा अमोनिया निदान डोळ्यांत पाणी आणून सावध तरी करतो, धाकट्याचा फॉस्फीन गुपचूप काम उरकतो... मी हसायचे. तुझ्या पोरांना मार्क कधी मिळायचे ग, म्हणायचे.

निवृत्तीनंतर ती बिट्टन मार्केटजवळ एका घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. शेजारी घरमालकांची धान्याची खोली, मध्ये एक बंद दार. इकडे वर्षाचा गहू उन्हाळ्यातच भरतात आणि पावसाळ्यात कीड दिसली की पोत्यांत गोळ्या टाकतात. गोदामात वापरायच्या गोळ्या, राहत्या घरात! ओलसर हवा लागली की त्यांतून फॉस्फीन सुटतो. वसुधाने घरमालकांना हे दोनदा सांगितलं. "हमारे यहाँ तो बरसों से डल रही है," म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं.

मग एका दुपारी तिने मला फोन केला. "अगं, खोलीत लसणासारखा वास येतोय, कुजक्या मासळीसारखाही. डोकं जड झालंय. दोन दिवस तुझ्याकडे येऊ का?" माझ्यापुढे तपासायच्या पेपरांचे गठ्ठे पडले होते. मी म्हटलं, कुणीतरी फोडणी दिली असेल, उगाच घरमालकांशी वाकड्यात शिरू नकोस, रविवारी ये. जन्मभर कुणाचं न ऐकलेल्या बाईने नेमकं माझं ऐकलं... दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

काल तिची पुस्तकं आणायला गेले. खोलीला नवा रंग, आणि आत दोन नव्या भाडेकरू मुली, मेडिकलच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या. मच्छर येतात म्हणून खिडकी बंद. पलीकडे पोती तशीच. माझं डोकंच फिरलं. मी विचारलं, फॉस्फीनचा वास कसा असतो?

"सड़ी मछली जैसा, मैम," दोघी एका सुरात म्हणाल्या.

त्यांना बॅगांसकट अंगणात आणलं आणि घरमालकीणबाईंच्या देखत सगळं सांगितलं. गोळ्या, बंद दार, वसुधाचा फोन, माझं उत्तर, काही लपवलं नाही. मुलींपैकी धाकटी माझ्याकडे बघत होती.

"मैम, आपको तो पता था न?"

मी हो म्हटलं.