होडीसाठी पाडलेली भिंत

लाँड्रीवाल्या वहिनींना अख्खी गल्ली वहिनीच म्हणायची. दीर म्हणायचा, म्हणून सगळ्यांनी तेच उचललं. हा दीर होड्या बांधणारा सुतार. त्याची शेड गल्लीच्या टोकाला, समुद्रावरच्या कड्याच्या अगदी काठावर होती. तिथे तो आयुष्यातली सर्वांत मोठी होडी बांधत होता आणि दुसरं काही ऐकायला तयार नव्हता.

शेडमागच्या जमिनीला भेग पडली, ती त्याने सिमेंटने बुजवली. पावसानंतर ती पुन्हा उघडली, आता हात जाईल एवढी. वहिनींनी मग नगरपालिकेत खेटे घालून खडकांचा अभ्यास करणाऱ्या बाईंना बोलावून आणलं.

ओहोटीला बाईंनी दोघांना खाली नेलं आणि कड्यापासून लांब उभं करून दाखवलं. लाटा गोटे आणि वाळू घेऊन पायथ्यावर आपटत, त्याने तळाशी खोल कपार झाली होती. वरून पावसाचं पाणी भेगांत मुरत होतं. खारे तुषार खडकाच्या छिद्रांत सुकले की आत मिठाचे खडे वाढत आणि खडक भुसभुशीत होई. कपारीवरचा सगळा भाग नुसता पुढे लोंबत होता. वहिनींना मिठाचं लगेच पटलं. खलाशांचे समुद्राच्या पाण्याने भिजलेले सदरे न खळबळता वाळले की घडीवर कसे चिरतात, ते त्या रोज बघत होत्या.

"माझ्या आजोबांपासून हा कडा उभा आहे," दीर म्हणाला.

"उभा आहे, भावजी. पण त्याचे पाय समुद्र खातोय."

 मग दिराने होडी कशी काढायची तेवढंच विचारलं, कारण समुद्राकडचा उतार आधीच ढासळला होता. वाट उरली होती ती गल्लीतून धक्क्याकडे जाणारी.

बाईंनी खालचा किनारा लोकांसाठी बंद करून घेतला. रविवारी सकाळी गल्लीतल्या लोकांनी होडीखाली ओंडके घातले, दोर लावले. होडी मुंगीच्या पावलाने निघाली आणि लाँड्रीच्या कोपऱ्यावर अडकली. पुढे जाईना, मागे येईना. दिराने करवत मागवली. होडीचं नाक कापायचं म्हणाला.

"करवत ठेवा," वहिनी म्हणाल्या. "माझी भिंत पाडा. भिंत गवंडी पुन्हा बांधून देईल. अशी होडी तुमच्या हातून पुन्हा होणार नाही."

छताला टेकू लावले आणि पहिला घण वहिनींनीच घातला. चादरींचे गठ्ठे, इस्त्रीची टेबलं शेजारच्या घरांत गेली. लाँड्रीच्या पाडलेल्या कोपऱ्यातून, दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा ठेवून, होडी पलीकडे गेली. मग लोक आवरता आवरेनात. धक्क्यापर्यंत त्यांनी ती जवळजवळ पळवतच नेली.

त्याच आठवड्यात उधाणाची भरती आली आणि भर दुपारी कडा कोसळला. शेडची जमीन, मागची भिंत, सगळं खाली गेलं. वर कुणी नव्हतं, खाली कुणी नव्हतं. धूळ बसल्यावर दिराने ती मोकळी जागा बघितली आणि वहिनींना हात जोडले. वहिनींनी त्याला दटावलं. अजून रंगकाम बाकी होतं.

होडी पाण्यात उतरली तेव्हा पहिला हात त्याने वहिनींना लावायला सांगितला. धक्का माणसांनी भरला होता. होडी घसरली, एकदा डुलली आणि थांबली.

"बघा वहिनी," तो म्हणाला, "कशी सरळ बसली पाण्यावर."