मायच्या नडग्यांवरचा नायटा

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होते, धुळ्याजवळच्या आमच्या खेड्यात. नवरा दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला, सव्वा महिना झाला की मला तिकडच्या क्वार्टरमध्ये परतायचं होतं. आणि महिना उलटत आला तरी मायने, माझ्या आईने, नातीला एकदाही हात लावला नव्हता.

कारण तिच्या दोन्ही नडग्यांवर लाल चट्टे उठले होते, वर पांढरा कोंडा. शेजारच्या मावशीने लांबूनच बघितलं आणि सांगून टाकलं, नायटा आहे. झालं! नायटा लागतो हे अख्ख्या गावाला ठाऊक, मग मायचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा. टाकळ्याचा पाला वाटून ती चट्ट्यांवर घासायची, आग आग व्हायची, चट्टे आणखी पसरायचे.

आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायचं ते पाय लांब करून, नडग्यांवर पालथं टाकून. हे आजीचं काम. ते करायला यायची मावशी, आणि माय उंबऱ्यात बसून हुकूम सोडायची. "पानी जास्त उनं शे! मान धर, मान!" पोरगी किंचाळायची, मायचे हात तिथल्या तिथे हलायचे. मला मावशीचा राग यायचा, मायचा त्याहून जास्त. एकदा मी म्हटलं, "माय, कापड गुंडाळ पायांना आणि घे तिला."

"मना नायटा पोरीले लागी जाई," ती म्हणाली आणि उठून आत गेली. आत ती रडत होती. मलाही रडू आलं. मी परत गेले की नात दूर जाणार, आणि तिच्या अंगाचा स्पर्शही मायच्या वाट्याला येणार नाही, हे दोघींनाही कळत होतं.

शेवटी मी पोरीला मावशीच्या ओटीत दिलं आणि मायला ओढतच एसटीत बसवून धुळ्याला चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर पोक्त होते. त्यांनी विचारलं, "अक्का, हे कधीपासून?"

मायने माझ्याकडे बघितलं. मीच हिशेब लावला. मला सातव्या महिन्यात बीपी वाढल्यामुळे दवाखान्यात ठेवलं होतं. माय उशाशी बसून होती, आणि तेव्हाच ती पाय खाजवायला लागली होती.

डॉक्टर हसले. म्हणाले, "हा नायटा नाही, याला सोरायसिस म्हणतात. आपल्या रक्तात राखणदार असतात, बाहेरच्या रोगाला हाकलणारे. तुमचे राखणदार चुकून घरच्याच माणसावर काठी उगारतात, कातडीवर. त्यात माणूस काळजीत पडला की अंगात वेगळेच रस सुटतात, नसांमधून कातडीपर्यंत निरोप जातो आणि राखणदार आणखी चवताळतात. थंडीत कातडी कोरडी पडते, ते वेगळंच."

मायला यातलं किती कळलं कोण जाणे. तिला एकच विचारायचं होतं. "पोरीले लागस का?"

डॉक्टर पुढे वाकले. त्यांनी आपला उघडा तळवा तिच्या नडगीवर, बरोबर चट्ट्यावर, दाबून ठेवला. "लागत असतं तर असा हात लावला असता का?"

माय त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग काळजी करानी नई का?"

"करा, पण थोडी कमी," डॉक्टर म्हणाले. मलम दिलं, पाला बंद केला, रोज सकाळच्या कोवळ्या उन्हात पाय उघडे टाकून बसायला सांगितलं. हे येत-जात राहील, पूर्ण जाईलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. पण ते ऐकायला माय थांबली कुठे? ती दारात चप्पल घालत होती. परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. किती महिन्यांनी तिला अशी झोपलेली बघितली, आणि मला इतकं हलकं वाटलं की स्टँड आला तरी तिला उठवू नये असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाट मांडला. मायने लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं, उन्हात पाय पसरले आणि उघड्या नडग्यांवर नातीला पालथं घेतलं. चट्टे तसेच लालभडक होते. पोरगी आधी भोकाड पसरणार असं वाटलं, पण पाठीवर कोमट पाणी पडताच गप्प झाली.

कुंपणाशी मावशी तोंडाला पदर लावून उभी. मायने मान वर केली नाही, पण आवाज पार गल्लीपर्यंत गेला असेल.

"हाऊ नायटा नई शे व माय! काळजी शे, काळजी! अन् ती कोनलेच लागत नई!"