शर्यतीच्या कॅलेंडरवर सानगडी

जानेवारीत मोटार शर्यतींचा मोसम बंद असतो आणि आमच्यासारख्या लोकांना करमत नाही. फोनवर आमचा अकरा जणांचा गट आहे. उघड्या चाकांच्या गाड्या, म्हणजे ज्यांची चाकं अंगाबाहेर असतात आणि वर मडगार्ड नसतं, त्यांच्या शर्यती बघण्यात आम्ही किती रविवार घालवले ते आमच्या घरच्यांना विचारा. बंद मोसमात आम्ही एक खेळ खेळतो. शर्यतींच्या खऱ्या वार्षिक कॅलेंडरमध्ये आपल्या मनानं एक ट्रॅक घालायचा आणि मग त्यावर मतदान, पहिले तीन कॅलेंडरवर. यंदा नियम कडक झाले. ट्रॅक आपल्या भागातला हवा, तिथं स्वतः जाऊन पूर्ण चक्कर मारलेली हवी आणि नकाशा हातानं काढलेला हवा. पुण्याच्या दोघांनी घाट धरून ठेवले, कोकणातल्या एकीनं समुद्रकाठचा रस्ता. नागपूरहून मी लिहिलं, भंडारा जिल्हा. त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मला राग आला आणि जायचं ठरलं.

या नादाला मला लावणारा माणूस भंडाऱ्यातच राहतो. माझे मामा. हातमागावर टसरच्या साड्या विणण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गल्लीत केबल आली तेव्हा सगळे क्रिकेट बघायचे आणि मामा पावसात भिजलेल्या गाड्यांच्या शर्यती. नियम समजवून सांगणारं कोणी नव्हतं, ते बघून बघून शिकले आणि त्यांनी मला शिकवले. फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाले, "ये. नकाशा मी काढून ठेवतो. सानगडीचा."

सानगडी मामींचं माहेर. मामी जाऊन सात वर्षं झाली, त्यानंतर मामा तिकडे फिरकले नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी भंडाऱ्यात पोचले तेव्हा माग झाकलेला दिसला. चहा पिता पिता मामांनीच विषय काढला. दिवाळीत कपाटाची किल्ली हरवली होती, ती तुरीच्या डाळीच्या डब्यात सापडली. समोरच्या शेजाऱ्याचं नाव एकदा आठवलंच नाही. मोठ्या मामांचं असंच सुरू झालं होतं, शेवटी त्यांना स्वतःचं घर ओळखू येत नव्हतं. मी डॉक्टरांचं नाव काढताच मामा उखडले.

"डाक्टर काय सांगन ते मले मालूम हाय. हे पाय, हा नकाशा मी निसता आठवून काढला. कोनाले इचारलं नाई. उद्या-परवा जाऊन पाहू. बरोबर निघाला त माग सुरू. चुकला त माग उतरवून टाकतो."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नक्षी उतरवायच्या पातळ, चौकटीच्या कागदावर पेन्सिलनं काढलेला नकाशा सुरेख होता. तलाव, पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध, घाट, देऊळ, चिंच, सगळं जिथल्या तिथं वाटत होतं.

शनिवारी आधी माझी निवड बघितली, चिखला. भंडारा ते तुमसर रस्ता चांगला, पुढे मँगनीजचे ट्रक लागतात म्हणून दीड तास धरा. तुमसरला तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे चहाशिवाय फार काही मिळत नाही. मला चिखला हवं होतं ते चढ-उतारांसाठी. खाणीकडचा रस्ता असा वर चढतो, वळतो, खाली येतो की एखाद्या युरोपातल्या ट्रॅकनं लाजावं. पण अर्ध्या तासात आमची गाडी काळी झाली आणि सात ट्रकमागे आम्ही रांगेत होतो. चहाच्या टपरीवर एका ड्रायव्हरला मामांनी बेत सांगितला. तो म्हणाला, "काकाजी, रेस लावा ना. पन आमची ट्रिप काहून थांबवता?" मुद्दा बिनतोड होता. मी चिखला मागे घेतलं. मामा परतीच्या वाटेवर खूश होऊन गुणगुणत होते.

रविवारी सकाळी अड्याळ. गावाबाहेर धान कापून झालेल्या बांधीशेजारी बैलांच्या पटाची, म्हणजे शर्यतीची, लांबलचक सरळ धाव होती, आणि एक गृहस्थ आपल्या जोडीला फिरवत होते. पांढरीशुभ्र जोडी, शिंगं रंगवलेली. आमच्या गाड्यांबद्दल ऐकून त्यांनी मामांना विचारलं, "किती बैलायची ताकद असते म्हनता?"

"हजार घोड्यायची," मामा म्हणाले.

"आन् हाकते कोन?"

"एकच मानूस. आत बसून."

गृहस्थांनी आपल्या बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "त्या घोड्यायले नावानं बोलवता येते का?"

अड्याळची सरळ रेघ झकास आहे, पण एकही वळण नाही, म्हणून ती पटासाठीच राहू द्यावी असं आमचं ठरलं. तिथून आतल्या रस्त्यानं सानगडी. रस्ता अरुंद, मध्ये मध्ये उखडलेला, पण दोन्ही बाजूंना एवढे तलाव की मी तीनदा गाडी थांबवली. मामा प्रत्येक वेळी घड्याळ बघत होते.

चार वाजता पाळीवर चढलो. गाडी खालीच ठेवली, पाळ अरुंद आहे. मामांनी कागद उघडला आणि दहा पावलांत थांबले. नकाशात पाणी उजव्या हाताला होतं. इथं ते डाव्या हाताला होतं. देऊळ भलत्या बाजूला, चिंच भलत्या बाजूला. मामांनी कागद फिरवला, आडवा धरला, उलटा धरला. मी पण फिरवून बघितला. एक बाजू जुळली की दुसरी बिघडायची.

"पुढे जाऊन बघू ना मामा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"काय पाहतं आता? लग्नानंतर पंधरा-पंधरा दिवस मी इतं रायलो. जावईबापू, काम ना धंदा. रोज संध्याकायी तुही मामी आन् मी याच पायीवर फिरू. तेच इसरलो मी." मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं आणि या खुळचट खेळासाठी त्यांना इथवर आणल्याबद्दल मला स्वतःचा संताप आला.

घाटाच्या पायरीवर एक बाई जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. सुमनबाई नाव, तलावात मासेमारी करणाऱ्या घरातल्या. मामा त्यांच्यासमोरच उभे होते, कागद शेवटचा बघावा तसा दोन्ही हातांत ताणून धरलेला. उतरतं ऊन मामांच्या पाठीकडून कागदावर पडलं होतं. सुमनबाईंनी मान वर केली आणि पाठकोऱ्या बाजूकडे बघत म्हणाल्या, "आमचा तलाव काढला का जी? हा माहा घाट. हे देऊळ. चिच बी बराबर हाय. कोनं काढला?"

मी धावतच त्यांच्या शेजारी जाऊन बसले. कागदातून रेघा आरपार दिसत होत्या आणि सगळं तंतोतंत होतं. पाळीचा बाक, देवळापाशी आत वळलेली वाट, घाटानंतरचं छोटं वळणसुद्धा. फक्त आरशात बघावं तसं उलटं काढलेलं होतं.

"मामा, इकडे या. मागून बघा."

कागद मी धरला, मामा पायरीवर बसले. रेघेवरून बोट फिरवत घाटापर्यंत आले. मग कपाळावर हात मारून घेतला. "अवं, पदराची बुटी इनतानी कापडाची उलटी बाजू वर रायते ना! सुलटी बाजू खाली. चाळीस वर्सं मी समदं उलटंच पाहून राहिलो. नक्षीचा कागदबी मी उलटाच काढतो. हातानं त्याचं काम केलं, मीच येडा समजलो नाई." ते हसले आणि हसता हसता डोळे पुसले. सुमनबाईंना काही कळलं नसावं, पण त्याही हसल्या.

मग आम्ही पूर्ण चक्कर पायी मारली. पाळ, देऊळ, किल्ल्याकडची बाजू, शेतातून परत. मामा प्रत्येक वळणावर गाडी कुठे ब्रेक मारेल ते सांगत होते, आणि मध्येच एखाद्या वळणावर मामी काय म्हणाल्या होत्या तेही. आमची वेळ एक तास आठ मिनिटं, विक्रम मोडायला भरपूर वाव आहे. परत घाटावर आलो तर सुमनबाईंनी अट घातली. "गाड्या आना, पन माही जाळी इतंच वाळते. ते हटवाची नाई." मामांनी तिथंच पेन्सिल काढली आणि जाळ्याला वळसा घालून ट्रॅक वाकवला. माझ्या मते ते आख्ख्या ट्रॅकवरचं सगळ्यात अवघड वळण आहे.

जाणार असाल तर भंडाऱ्याहून साकोलीमार्गे जा, आमच्या आतल्या रस्त्यापेक्षा तो बरा. पेट्रोल साकोलीतच भरा. हिवाळ्यात दुपारनंतर पोचा आणि ताजे झिंगे मिळाले तर सोडू नका. आम्ही सुमनबाईंकडून पावशेर घेतले. रात्री भातासोबत मामांनी स्वतः रांधले, मीठ जरा जास्त पडलं.

परतीच्या वाटेवर गाडी चालवताना मी धीर करून म्हटलं होतं की नकाशा म्हणजे काही डॉक्टरांचा कागद नव्हे. वाटलं, पुन्हा उखडतील. मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येतो ना डाक्टरकडे. आता भेव नाई लागत."

आता घरी बसून हे लिहितेय. गटात सानगडी तिसरी आली, म्हणजे कॅलेंडरवर गेली. कागद माझ्या खिडकीच्या काचेवर चिकटवलाय, रेघा बाहेरच्या बाजूला. मामा परवा डॉक्टरांना दाखवायला नागपूरला आले होते. तुम्ही काळजीत राहू नका म्हणून निकाल आधीच सांगते. वयाच्या मानानं ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. किल्ल्या अजूनही हरवतात. माग सुरू आहे.

स्मरणशक्ती तपासताना डॉक्टरांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "काका, एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." मामांनी पेन्सिल उचलली. आधी कागदाकडे बघितलं, मग टेबलापलीकडे बसलेल्या डॉक्टरांकडे.

"तुमी कोन्या बाजूनं पाहणार, साहेब?"