कार्डांना ‘येते’ म्हणताना

मी शाळेत गेलेले नाही. वाचायला शिकले ती आळेफाट्याच्या स्टँडवर, गाड्यांच्या पाट्या बघून बघून. नाशिकची कोणती, नगरची कोणती, हे दरवेळी कुणाला विचारायचं? मग बियाण्याची पाकिटं वाचली, पेपर वाचला, हाताला लागेल ते वाचलं. म्हणून दहावीतली नात जेव्हा म्हणाली, “आजी, माझे प्रश्न तू घेत जा,” तेव्हा मला कोण मान मिळाल्यासारखं वाटलं, काय सांगू!

तिचं विज्ञानाचं पुस्तक टॅबमध्ये होतं. महत्त्वाच्या ओळीवर बोट दाबून धरलं की त्या ओळीचं कार्ड बनायचं. वर प्रश्न, बोट लावलं की कार्ड उलटून उत्तर. दिवाळीपासून बसून बसून पोरीनं अशी ढीगभर कार्डं केली होती. परीक्षा आठ दिवसांवर आली तशा आम्ही दोघी दुपारी शेतातल्या शेडमध्ये बसू लागलो. ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची. हात ओले, चिखलाचे, म्हणून टॅब माझ्याकडं.

“बोट लावलं की उलटतं,” तिनं शिकवलं. “मंग खालचं बटन दाब, दुसरं येतंय.”

खाली बटणं होती दोन. एकावर लिहिलेलं ‘येते’ आणि दुसऱ्यावर ‘पुन्हा बघू’.

आता तुम्हीच सांगा, घरातून निघताना आपल्याकडं कुणी ‘जाते’ म्हणतं का? ‘येते’च म्हणतो. मला वाटलं, हे बनवणारा माणूस चांगल्या वळणाचा दिसतोय, कार्ड मिटतानासुद्धा निरोप घ्यायला लावतो. आणि ‘पुन्हा बघू’ तर आपण नको असलेल्याला कटवताना म्हणतो. ते कशाला दाबू? मी आपली प्रत्येक कार्डाला ‘येते’ म्हणत गेले. नातीचं उत्तर बरोबर आलं तरी ‘येते’, चुकलं तरी बरोबर उत्तर वाचून दाखवायचं आणि ‘येते’. अपवर्तनाची व्याख्या तर ती सलग तीनदा चुकली. तरी त्या कार्डाचा मी अगदी मनापासून निरोप घेतला.

चौथ्या दिवशी ती हात धुवायला नळावर गेली आणि इकडं पडद्यावर आलं, ‘एकही कार्ड शिल्लक नाही.’ टॅब बंद करून परत चालू केला. तेच. पोरीची एवढ्या महिन्यांची मेहनत मी पुसून टाकली होती, आणि परीक्षा चार दिवसांवर! ती आली तर मी म्हणाले, “चार्जिंग संपलं बाई.” आयुष्यात खोटं बोलले नाही असं नाही, पण हे लई जड गेलं. चहा केला तर साखर विसरले.

तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “आजी, काय झालंय?”

“तुझी कार्डं गेली गं. सगळी. म्या काय केलं मलाच ठावं न्हाई.”

तिनं टॅब घेतला, दोनदा बोट फिरवलं. “तू दरवेळी ‘येते’ दाबलंस?”

“मंग? जाते म्हणू का?”

ती एवढी हसली, की बांधलेली जुडी सुटून मांडीवर पसरली. “आगं, येते म्हंजी उत्तर येतंय! आता पाठ झालंय, परत दाखवू नको, असं सांगायचं त्याला. मी एवढी चुकले आन तू त्याला सांगितलंस मला सगळं येतं?”

“म्या कुठं सांगितलं? मी निरोप घेत व्हते.”

तिनं ‘सर्व परत आणा’ दाबलं आणि पहिलंच कार्ड आलं ते अपवर्तनाचं. कधी नव्हे तो मला तो अवघड शब्द इतका गोड वाटला! पदरानं डोळे पुसले, परत चहा टाकला. साखर जरा जास्तच पडली.

पुढचे चार दिवस मी बोट अधांतरी धरून विचारायची, “खरं येतंय का? का नुसतं तोंडदेखलं?” ती कबूल झाली तरच ‘येते’. नाहीतर ‘पुन्हा बघू’, आणि त्यात अपमान कसलाच नाही, हेही मला कळलं.

विज्ञानाच्या पेपराच्या सकाळी नात पायात चपला सरकवत म्हणाली, “आजी, येते.”

“कोणतं गं, जायचं का उत्तराचं?”

“दोन्ही!” म्हणाली आणि पळाली.