भरलेली बाव

आज सकाळी माझे वडील गेले. त्यांना शेवटची आंघोळ घालायला नळाला पाणी नव्हतं.

ज्या माणसाने ऐंशीच्या दशकात आमच्या भागात नळ आणला, त्याला आज टँकरच्या पाण्याने न्हाऊ घातलं.

अण्णा असते तर हसले असते, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? हसणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

अण्णा इंजिनिअर. रत्नागिरीतल्या पाण्याच्या आणि गटारांच्या स्कीमचं काम त्यांच्याकडे होतं. कागदावर दोन्ही जोडीने होतं.
सँक्शन आलं फक्त नळाचं. गटार पुढच्या फेजमध्ये.

"घरात आलेलं पाणी घराबाहेर जाणारच. ते कुठे जाणार?" भेटेल त्याला अण्णा विचारायचे.

"आधी येव तर दे साहेब, मग जायाचं बघू," लोक म्हणायचे.

त्यांचंही काही चुकत नव्हतं. मांडवीतल्या आमच्या आळीत मे महिन्यात प्रत्येक बाव तळाला जायची. बाव म्हणजे विहीर. पाणी ओढून ओढून बायकांचे खांदे भरून यायचे.

नळ आला त्या दिवशी भाऊकाकांनी त्यांच्या बावीला नारळ ठेवला. भाऊकाका म्हणजे अण्णांचे सख्खे मोठे भाऊ, आमच्या घराच्या वरच्या अंगाला राहायचे. आमच्याकडे गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने साकडं, घातल्याशिवाय काही सुरू होत नाही, आणि संपतही नाही.

"बाय माजे, इतकी वर्सं पानी दिलंस, आता इसावा घे. काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!" अख्खी आळी एका सुरात.



मग घराघरात फ्लशचे संडास आले. आता संडासाला खड्डा हवा. जांभा दगड फोडून खड्डा मारायचा म्हणजे कंबर मोडते.
आणि बाव तर आयती खोदलेली. शिवाय तिला रीतसर निरोप दिलेला!

भाऊकाकांनी संडासाचा पाईप बावीत सोडला. मग त्यांचं बघून आणखी चार जणांनी.

मी तेव्हा नुकती कॉलेजला जायला लागले होते. दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी उभे राहून अण्णा आणि भाऊकाका भांडले ते मला अजून ऐकू येतं.

"भाऊ, जांभा म्हंजे आंबोळी. वरनं ओतलंस की खालनं गळतंय. तुजी घाण माज्या बावीत येल."

"तुजी बाव तरी आता कोन शेंदतोय? नळ हाय ना? तूच आणलास ना?"

"नळ आटला तर?"

"आटाया तो काय आंब्याचा मोहर हाय?"

सगळे हसले. अण्णांनी घरी येऊन आमच्या बावीवर फळ्या ठोकल्या.

मग पाऊस कमी झाला. पुढच्या मे महिन्यात नळाला पाणी देणारी नदीच आटली. नळातून फुसफुस हवा यायची. टँकर वरच्या रस्त्याला उभा राहायचा आणि तिथे हंड्यांची मारामारी.

भाऊकाकांच्या बायकोला, माझ्या काकूला, ती चढण झेपेना. तिने आम्ही घरी नसताना आमच्या बावीच्या फळ्या उचकटल्या.
मी आले तेव्हा तिचा हंडा भरून झाला होता.

"काकू, अण्णा नको म्हणालेत ना!"

"तुज्या बापाला सगळीकडं गटारच दिसतंय. बघ तरी, आरशासारखं पानी हाय. आपल्याच घरातली बाव, ती आपल्याला काय करनार?"

पाणी खरंच आरशासारखं होतं.

काकूला कावीळ झाली. पावसाच्या तोंडावर ती गेली.

बाराव्याला भाऊकाका सगळ्यांदेखत अण्णांना म्हणाले, "तू नळ आणला नसतास तर माजी बायको जगली असती."

अण्णांनी उलटून एक शब्द काढला नाही. मला आजही त्याचा राग येतो. भाऊकाकांचा येतो, आणि गप्प राहिलेल्या अण्णांचाही.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत ते एकाच कामामागे होते. गटार. माणसं बदलली, साहेब बदलले, उत्तर बदललं नाही. पुढच्या फेजमध्ये.

शेवटची काही वर्षं ते अंथरुणावरच होते. रस्त्यावर जेसीबीचा आवाज आला की मान उचलायचे.
"गटाराची खोदाई का गं?"
"नाही अण्णा. केबल टाकतायत."
मान परत उशीवर.

गेल्याच आठवड्यात विचारलं होतं. यावेळीही केबलच होती.

आज टँकरची वाट बघत आम्ही अंगणात बसलो होतो. अण्णांना पडवीत ठेवलेलं. आमची बाव तिथून हाकेच्या अंतरावर. आता वर सिमेंटचं झाकण आहे.

मुंबईहून आलेल्या भाच्याने झाकणाच्या फटीतून आत बघितलं. "मावशी, ही तर काठोकाठ भरल्ये! टँकर कशाला?"



पूर्वी ही बाव मेमध्ये आटायची. आता ती कधीच आटत नाही. सगळ्या आळीचं तिच्यात येतं.

घरात एवढं पाणी असून तुमच्या अंगावर त्यातला तांब्याभर घालता आला नाही, अण्णा.

गटार झालं नाही. होईल असं मला वाटतही नाही. तुम्हाला हे तोंडावर सांगायचं धाडस कधी झालं नाही, म्हणून इथे लिहिते.

इतकी वर्षं पाणी दिलंत. आता विसावा घ्या.