चिपळ्या मंडळींच्या हाती

महायुद्ध संपलं त्या वर्षीच्या नाताळात मी देवावर चांगलाच रुसलो होतो. मी शाळामास्तर, आणि गावोगाव येशूजन्माचं कीर्तन करणारा. कीर्तनात पाय थिरकतात, हातात चिपळ्या वाजतात आणि तोंडानं आख्यान चालतं, सगळं एकाच वेळी. माझ्या आजारानं नेमकं तेवढंच हिरावलं. नगरच्या डॉक्टरांनी मज्जातंतूंचं दुखणं म्हटलं. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव फार पुढे कळलं. नुसतं उभं राहून बोलता येई, गप्प राहून चालता येई. पण पाऊल टाकता टाकता पद म्हणायला गेलो की एक तर शब्द पळायचे, नाहीतर पाय. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "यंदा राहू द्या ना." मी म्हटलं, पडलो तर पडलो, कीर्तन मी करणारच! अंगणात घाम फुटेपर्यंत सराव केला, गुडघे फोडून घेतले आणि प्रार्थनेत एकच हट्ट धरला, प्रभू, माझे पाय मला परत दे.

पुणतांब्याजवळच्या एका वाडीत भर दुपारी लिंबाखाली कीर्तन होतं. पूर्वरंग कसाबसा निभावला. मरिया आणि योसेफ बेथलेहेमात जागा शोधत फिरतात, तिथं मी दोन पावलं पुढे गेलो आणि चिपळ्यांसकट धाडकन आपटलो. कुणी हसलं नाही, तेच जास्त झोंबलं. मी उठायला धडपडत होतो, तोच पुढे बसलेली एक अनोळखी म्हातारी आली. तिनं चिपळ्या उचलून शेजारणीच्या हातात कोंबल्या आणि बाजरीचं पोतं माझ्याकडे ओढलं.

"मास्तर, बसा हितं. वाजवायचं आमी बघतो, तुमी निस्तं सांगा. लेकरू जल्माला यायचं हाय अजून!"

राग आला, लाजही वाटली, पण बसलो. आणि काय सांगू! मंडळींनी टाळ्यांचा ठेका धरला, बायांनी पद उचललं, आणि मला एकेक शब्द आठवत गेला. अख्खं आख्यान झालं. मी रडत होतो, पण थांबलो नाही. पाय मागितले होते, ते काही मिळाले नाहीत. मिळाली ती ही सगळी माणसं.

कीर्तन संपल्यावर म्हातारीनं दंडाला धरून मला बैलगाडीकडे नेलं. वाटेत मी तिचे उपकार मानू लागलो, तसा माझा तोल गेला.

"आता गप ऱ्हावा," ती म्हणाली. "देवाचे आभार गाडीत बसून माना. आदी पाय उचला."

मी मुकाट्यानं पाय उचलला. गाडीत बसल्यावर मात्र तोंड भरून आभार मानले. तेव्हापासून काय द्यायचं ते मी देवाला सांगत नाही. कीर्तन सोडलेलं नाही, बसून करतो.