विसाला वीसच

ते भांडण चित्रलेखाबाईंनी काही चोरून ऐकलं नाही. केलीव्हिल या परदेशी उपनगरातल्या नव्या घरांच्या भिंतीच पापडासारख्या, त्याला त्या काय करणार. पलीकडे त्यांचा मुलगा विक्रांत आणि त्याचा मित्र यतिन, ताटात सुरमई घेऊन, देवमाशांवरून जुंपले होते.

यतिनचं म्हणणं, हंपबॅक जातीचे देवमासे आता उदंड झालेत, मग कुणी धंद्यासाठी थोडे मारले तर बिघडलं कुठे? आपणही मासेच खातोय.

"सुरमई लाखांनी अंडी घालते," विक्रांत म्हणाला. "देवमाशाची मादी दोन-तीन वर्षांनी एक पिल्लू देते. इथल्या किनाऱ्यावर मारून मारून मूठभर ठेवले होते. शिकार थांबवली, साठ वर्षं गेली, तेव्हा कुठे दिसायला लागलेत. आणि तो हगतो ना, त्यावर समुद्रातलं बारीक शेवाळ पोसतं, त्यावर बाकीचे जीव."

"जेवताना तरी हगवू नको त्याला," यतिन म्हणाला. "आकडा वाढला ना? मग झालं."

आकडा वाढला ना, एवढंच बाईंच्या डोक्यात अडकलं. कोण मोजतं म्हणून विचारलं, तर समुद्राकाठच्या एका कड्यावर हौशी माणसं बसून मोजतात असं कळलं. सांगलीत सातवीपर्यंत शिकलेल्या, जोंधळ्यावरची पाखरं राखलेल्या बाई, नजर घारीची. पुढच्या हिवाळ्यापासून दर शनिवारी मेट्रो, ट्रेन, बस करत त्या कड्यावर. थर्मासात चहा, डब्यात थालीपीठ. रोवलेल्या काठीपुढून उत्तरेला गेला तोच धरायचा, मागे फिरला तो नाही. हा नियम त्यांनी देवाच्या नेमासारखा पाळला.

तीन हिवाळे असे गेले. मग मोजणीचे कागद गोळा करणारी मिताली, युनिव्हर्सिटीत शिकणारी पोर, एका दुपारी शेजारी येऊन बसली.

"आजी, तुमच्या शीटवर दहा, वीस, तीस कधीच कसे नाहीत? अकरा, एकवीस, एकतीसच आहेत."

"अगं, शून्यावर कसं थांबायचं? आहेराच्या पाकिटातसुद्धा वर एक घालतात. वाढो बिचारे, म्हणून."

मिताली हसली नाही. "एक खोटा निघाला ना आजी, की उरलेले खरेही कुणी मानत नाही. आणि खूप झाले, आता मारू द्या म्हणणाऱ्यांना वरचा प्रत्येक आकडा हवाच असतो."

बाईंचं थालीपीठ हातातच राहिलं. त्यांनी शकुनाचा म्हणून घातलेला एक यतिनच्या ताटात जाऊन पडला होता. कुठला अकरा खरा आणि कुठला दहाचा, हे त्यांनाही आता सांगता येईना.

"माझी सगळी पानं काढून टाक," त्या म्हणाल्या.

तीन हिवाळे गेले रद्दीत. आता म्हातारी येत नाही, असं कड्यावरच्यांनी धरलं होतं. पुढच्या शनिवारी ती थर्मास घेऊन हजर.

दोन वर्षांनी, जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, त्या झोपेतच गेल्या. आदल्या शनिवारीही कड्यावर होत्या. वारा बोचरा होता. वेळ संपायला दहा मिनिटं असताना विसावा देवमासा काठीपुढून गेला. पाठोपाठ एक फवारा उडाला, पण तो काठीच्या अलीकडे घुटमळला आणि मागे वळला. बाईंनी त्याला मराठीत चार शब्द सुनावले. मग पेन्सिल ओली करून वीस लिहिलं, कागद मितालीच्या हातात दिला, उरलेला चहा दगडावर ओतला आणि चार-दहाची बस गाठली.